दांडा सरळ होता

बडे बाबूंच्या घरचे लोक अजूनही सांगतात की साहेबांचा गोल्फचा चेंडू उजवीकडे पळत असे तो मी बसवलेल्या दांड्यामुळे, आणि बाबूंनी युक्ती सुचवली म्हणून माझे काम वाचले. हे साफ खोटे आहे. त्या सकाळी मैदानावर जे होते त्यांपैकी आज मीच उरलो आहे, तेव्हा माझे ऐकून घ्यावे.

गोंदियाच्या रेल्वे साहेबांनी स्टेशनापलीकडे, धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या खाचरांमध्ये, गोल्फचे मैदान केले होते. त्यांच्या काठ्या दुरुस्त करणारा मिस्त्री मी. थोरल्या साहेबांच्या लोखंडी पात्याच्या काठीचा विलायती दांडा मोडला, तेव्हा नवेगाव बांधच्या जंगलातले तिवसाचे लाकूड आणून मी नवा दांडा बसवला. आमच्याकडे बैलगाडीला तिवस वापरतात. ते सहसा दगा देत नाही.

रविवारी नागपूरच्या साहेबांशी सामना होता. शुक्रवारी सकाळी थोरल्या साहेबांनी ती काठी फिरवली आणि चेंडू काटकोनात उजवीकडे, लाखोळीच्या शेतात गेला. दुसरा, तिसरा, चौथाही तिकडेच. बडे बाबू, म्हणजे ऑफिसचे मुख्य कारकून, सर्वांसमक्ष म्हणाले, ‘‘साहब, देसी लकड़ी है, मरोड़ खा गई.’’ साहेबांनी मला सांगितले की उन्हे चढण्याच्या आत दोष सापडला नाही तर क्वार्टर रिकामे कर.

मी साहेबांना त्यांच्याच पिशवीतली न मोडलेली विलायती काठी दिली. चेंडू पुन्हा लाखोळीत. तेवढ्याने प्रश्न मिटायला हवा होता. पण बाबूंनी लगेच सांगितले की खराब काठीने साहेबांचा हातच बिघडवला. साहेबांना ते पटले, कारण ते सोयीचे होते.

मग मी नव्या दांड्याच्या काठीच्या पात्याला आणि दांडा जिच्यात बसतो त्या लोखंडी नळीला ओला चुना फासला आणि साहेबांना एकच फटका मारायला सांगितले. पात्यावरचा चुना जसाच्या तसा राहिला. नळीवरचा पुसला गेला होता. चेंडू पात्याला लागतच नव्हता. नळीच्या गोलाईवरून निसटत होता. साहेबांनी तो डाग पाहिला आणि चेंडूपासून दूर उभे राहिले. तरी तेच घडले.

पिशवी उचलणारा माझा मेव्हणा कानाशी म्हणाला, ‘‘काऊन भाऊजी, घर जाऊन राहिलं न तुम्ही चुना लावून राहिले?’’

मी साहेबांच्या बुटांचे ठसे पाहत होतो. टाचेचा ठसा जेमतेम उमटला होता, चवड्याचा बोटभर खोल. काठी खाली येताना साहेब चवड्यांवर झुकत, हात पुढे जात, आणि पात्याच्या जागी नळी येई. दूर उभे राहिले की ते आणखीच झुकत.

हे त्यांना तोंडाने सांगणे माझ्या पायरीबाहेरचे होते. म्हणून मी तळ्याकडच्या धुऱ्यापुढे, चिखलात रोवलेल्या खुंटीवर चेंडू ठेवला. धुरा म्हणजे धानाच्या बांधीचा अरुंद मातीचा बांध. आमची माणसे रोवणीच्या दिवसांत डोक्यावर रोपांचा भारा घेऊन त्यावरून चालतात आणि टाच सोडत नाहीत, कारण चवड्यावर गेलात की चिखलात. साहेबांना धुऱ्यावर उभे केले ते पायांची बोटे काठाबाहेर येतील असे. पुढे गुडघाभर चिखल होता.

बाबू म्हणाले, ‘‘साहब गिरेंगे तो तू जाएगा.’’

पहिल्या फटक्याला साहेब झुकले. मी मागून त्यांचा पट्टा धरला. साहेबाच्या अंगाला हात लावणे म्हणजे काय, ते त्या काळच्या माणसालाच कळेल. ते वळले. चेहरा लाल झाला होता. मग ते पुन्हा चेंडूकडे वळले. दुसऱ्यांदा टाचा रोवून त्यांनी काठी फिरवली. चेंडू सरळ निशाणाकडे गेला. मग आणखी सहा मारले. सहाही सरळ गेले.

‘‘लकड़ी ठीक है,’’ साहेब म्हणाले. ‘‘तुम रहेगा.’’

मी सलाम केला आणि विनंती केली की लाकडाला दोष ज्यांनी सर्वांसमक्ष दिला, त्यांनीच तो सर्वांसमक्ष मागे घ्यावा. मेव्हण्याने माझा सदरा ओढला. साहेबांनी बाबूंकडे पाहिले.

‘‘लकड़ी में खोट नहीं थी,’’ बाबू म्हणाले, तेही तळ्याकडे तोंड करून. मी त्यांना माझ्याकडे वळून पुन्हा म्हणायला लावले.