दारावरच्या गोल खुणा

माझ्या वाकड्या अक्षराला आणि चुकलेल्या शुद्धलेखनाला हसू नये. चौथीनंतर शाळा सुटली. ही वही दाखवायला लिहिलेली नाही, पण कुणाच्या हाती लागलीच तर सांभाळून घ्यावं.

त्र्याण्णवच्या थंडीत माझी ड्यूटी बेलापूरच्या खाडीकडच्या वस्तीत होती. मी मानधनावरची आरोग्यसेविका. जोडीला सुमनताई, माझ्या सीनियर. नऊला केंद्रावर हजेरी, साडेनऊला बॅग घेऊन वस्तीत. गल्ल्या दोन. एक हिंदूंची, एक मुसलमानांची, मध्ये नळ. रजिस्टर ताई लिहायच्या. मला लिहायला वेळ लागतो, म्हणून मी दारावर खडूने खूण करायची. पोटुशी बाई असेल तिथे गोल. नववा लागला की गोलात फुली. बोलायला मी लाजायची. खडू असला की बोलावं लागत नसे.

मुंबईत दंगल पेटली आणि आमच्याकडेही कर्फ्यू लागला. चौथ्या दिवशी बारा ते दोन ढील मिळाली. आम्ही नसीमसाठी निघालो. तिचे दिवस भरले होते. आधीच्या बाळंतपणात तिचं फार रक्त गेलं होतं आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, हिचं घरी करू नका.

बारा वाजून दहा मिनिटांनी नाक्यावर एसआरपीच्या हवालदार मोऱ्यांनी अडवलं.

"कुठं?"

"पेशंट आहे," ताई म्हणाल्या.

"आत वातावरण खराब आहे. जाळायच्या घरांवर कुणीतरी खुणा करून गेलंय."

"कसल्या खुणा?"

"गोल. काहींत फुली."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि तशाच आत निघाल्या; हवालदार आमच्या मागून आले.

नळाच्या अलीकडे एक जमाव, पलीकडे एक. दोघांच्या हातात दगड. खुणा समोरच्यांनी केल्या असं दोन्हीकडे ठरलं होतं. नसीमचं दार बंद. आतून कण्हणं ऐकू येत होतं. तिची सासू जैनबी रत्नागिरीकडची. ती फटीतून म्हणाली, "दिवसा गोड बोलून खुणा केल्यास, आता माणसं मोजायला आलीस? हो चालती!"

"ताई, तुम्ही सांगा ना," मी म्हटलं.

"खुणा माझ्या आहेत का?" ताई म्हणाल्या. "तुझ्या आहेत. बोल."

मी नळाच्या ओट्यावर चढले. आयुष्यात चार माणसांत बोलले नव्हते. बॅगेतला खडू वर धरला. "खुणा मी केल्या. गोल म्हणजे पोटुशी बाई. फुली म्हणजे नववा महिना. दोन्ही गल्ल्यांत आहेत. शिंद्यांच्या दारावर आहे, जैनबीच्याही आहे. जाऊन बघा."

एक म्हातारा शिंद्यांच्या दारापर्यंत गेला. "हाय की इथं गोल," तो ओरडला. "सून पाचव्यात हाय, खरंय." मी उतरले आणि पदराने ती खूण पुसली. मग समोरच्या गल्लीतली. कुणीतरी हसलं. हातातले दगड खाली टाकले जाऊ लागले.

एक तेवढा आला. ताईंच्या कानामागे लागला. कोणत्या गल्लीतून आला ते मी पाहिलं नाही. विचारणाऱ्याला आजही हेच सांगते.

ताई खाली बसल्या, पदर दाबून धरला. "आधी ती," म्हणाल्या. जैनबीने दार उघडलं.

हवालदारांनी वायरलेस उचलला. "कंट्रोल, एक बाळंतपणाची बाई, एक जखमी. गाडी पाठवा. ओव्हर."

"गाडी नाही. थांबा. ओव्हर."

एक वाजून पाच मिनिटं झाली होती. दिवाळे गावचा मासळीचा टेम्पो नाक्यावर उभा होता. ड्रायव्हर तीनशे मागत होता. गाडी फुटली तर काच कोण देणार, हा त्याचा सवाल. चुकीचा नव्हता. ताईंनी कमरेच्या बटव्यातून नोटा काढल्या. लेकीच्या क्लासची फी होती. मला म्हणाल्या, "तुझ्या नावावर उसने. मानधन आलं की दे. खडूही जपून वापर."

पुढे हवालदार, मागे बर्फाच्या पेट्यांमधल्या जागेत नसीम, जैनबी, ताई आणि मी. सगळ्यांच्या अंगाला मासळीचा वास. एक पन्नासला दवाखान्यात मुलगी झाली. रक्त पुन्हा गेलं, पण डॉक्टर जवळ होते. दोघी वाचल्या. हवालदार म्हणाले, "बाई, एका खडूने दोन गल्ल्या पेटवल्या असत्या तुम्ही." मग सलाम केला. मला कुणी केलेला तो पहिलाच.

ताईंना चार टाके पडले. त्या घरी गेल्या. तिसऱ्या दिवशी स्वयंपाक करताना पडल्या, पुन्हा उठल्या नाहीत. केंद्राच्या रजिस्टरमध्ये त्यांच्या नावापुढे फक्त 'गैरहजर' आहे. म्हणून इथे लिहून ठेवते: सुमनताई ड्यूटीवर लागलेल्या दगडाने गेल्या.

त्यानंतर मी दारावर खूण केली नाही. प्रत्येक घरी तोंडाने विचारते. हे त्यांनी शिकवलं. त्यांचे, हवालदारांचे, त्या ड्रायव्हरचे उपकार मी विसरले नाही.

मानधन चार महिने उशिरा आलं. दोनशे घेऊन ताईंच्या लेकीकडे निघाले. उरलेले पुढच्या महिन्यात देणार होते. वस्तीतून जाताना जैनबीने हटकलं, कुठे ते विचारलं; मी टेम्पोच्या उसन्या पैशांचं सांगितलं. मग आत गेली आणि चपला घालून, नात कडेवर घेऊन बाहेर आली. ताईंच्या उंबऱ्यावर तिने शंभराची नोट माझ्या नोटांवर ठेवली.

"टेम्पोत मीपण बसले होते," ती म्हणाली.

तीनशे पुरे फिटले.