न गेलेल्या चेंडूचं अंतर

बंगल्यावर नोकरी केलेल्या माणसाच्या घरात दोन गोष्टी साठत जातात. साहेबाच्या रिकाम्या बाटल्या आणि किस्से. बाटल्या आमच्या मंडळींनी रॉकेलला, खोबरेलाला, मधाला वापरल्या; उरल्या त्या पोरांनी फोडल्या. किस्से मात्र फुटतही नाहीत आणि संपतही नाहीत. एक सांगायला घ्यावा तर त्याची शेपटी धरून दुसरा बाहेर येतो.

तेव्हा मी नंदिगड्ड्याच्या वाटेवरच्या जंगलखात्याच्या बंगल्यात पट्टेवाला होतो. गोऱ्या साहेबाचा जमाना. साहेब समोर आला की आम्ही सगळे कमरेत वाकायचो. पण वाकणं वेगळं आणि मोडणं वेगळं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कुणाला जरा कमी, कुणाला जरा जास्त. शेवंताक्काला सगळ्यांत जास्त!

तिचं नाव निघालंच आहे तर सांगून टाकतो. बंगल्याच्या खालच्या सपाटीला तिचं भाताचं शेत होतं. नवरा गेल्यावर तिनं ते एकटीनं राखलं. बंगल्याला दूधही तीच घालायची. शेत तिच्या सासऱ्याच्या आज्यापासूनचं, पण सरकारनं जंगलाची हद्द आखली तेव्हा रेघ गेली शेताच्या पलीकडून, आणि शेत सरकारी जंगलात धरलं गेलं. झालं! साहेबाची मर्जी असेल तोवर तिनं कसायचं, मर्जी फिरली की उठायचं. आपल्याच घरात पाहुणं होऊन राहायचं म्हणजे काय, ते तिला विचारावं.

•

नवा साहेब आला आणि पाठोपाठ मिरगाचा पाऊस आला. साहेबाला गोल्फचं भारी वेड. पहिल्याच उघडिपीला तो काठी आणि चेंडू घेऊन बाहेर पडला, आणि अर्ध्या तासात आरडाओरडा करत परत आला. दोन्ही पोटऱ्या जळवांनी भरलेल्या!

आमचा खानसामा पेद्रू गोव्याकडचा. त्यानं साहेबाला खुर्चीत बसवलं आणि मूठमूठ मीठ चोळून जळवा पाडल्या. साहेब डोळे मिटून "गॉड, गॉड" करत होता. पेद्रू माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "बाबू, इतकं मीठ हांव मटणाकय घालीना रे!"

त्या दिवसापासून आम्ही त्याचं नाव चेंडूसाहेब ठेवलं. तोंडावर अर्थातच नाही.

•

महिन्याभरानं बैलगाडीतून एक लाकडी खोका आला. विलायतेहून. चौघांनी मिळून तो हॉलमध्ये नेला. आत एक लोखंडी खांब, एक आडवा दांडा, दोरीला बांधलेला चेंडू आणि घड्याळासारखी एक मोठी तबकडी.

आमचे हेडक्लार्क शामराव. साहेबाला इकडची भाषा कळायची नाही, म्हणून साहेब आणि रयत यांच्या मधला पूल म्हणजे शामराव. त्यांनी चष्मा पुसून खांबाभोवती एक चक्कर मारली आणि सांगून टाकलं, "पाऊस मोजायचं यंत्र आहे."

"घरातला पाऊस?" मी विचारलं. त्यावर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

साहेबानं स्वतःच्या हातानं खांब फरशीत पक्का बसवला. मग काठी उचलून चेंडूला असा टोला हाणला की चेंडू खांबाभोवती गरगर फिरू लागला. जितके फेरे जास्त, तितका तबकडीचा काटा पुढे. चेंडू थांबला, काटाही थांबला. साहेब म्हणाला, "वन फिफ्टी यार्ड्स!"

पेद्रूला काही केल्या उलगडा होईना. "शामराव, बॉल गेला खंय?"

"कुठेच नाही. दोरीला बांधलाय."

"मग मोजलं कितें?"

"बाहेर गेला असता तर किती गेला असता, ते."

पेद्रूनं मान हलवली. त्या दिवशी आम्ही जेवायला बसलो तर आमच्या पुढ्यात रिकाम्या थाळ्या! पेद्रू हाताची घडी घालून उभा. "आज हांवें कोंबडी केली असती, तर तुम्ही किती जेवला असता? तेवढे ढेकर द्या!"

•

काटा वाचून आकडा मोठ्यानं सांगायचं काम माझ्याकडे आलं. इंग्रजी आकडे आणि मोडकंतोडकं इंग्रजी मला येत होतं, एवढंच माझं पाप. पावसाळाभर रोज सकाळी साहेब टोले मारायचा आणि मी ओरडायचो.

एकदा काटा एकशे वीसवरच अडकला. मागून शामराव पुटपुटले, "दोनशे म्हण. साहेबाचा मूड बरा नाही."

मी म्हटलं, "काटा जिथं उभा, तिथं मी उभा." आणि खणखणीत आवाजात एकशे वीस सांगितलं.

साहेबानं काठी आपटली. शामराव धावत पुढे झाले आणि इंग्रजीत म्हणाले, "सर, याला आकडे नीट वाचता येत नाहीत. दोनशे आहेत." साहेब स्वतः वाकला, तबकडी पाहिली, आणि शामरावांकडे असं पाहिलं की बिचारे त्या दिवशी चहासुद्धा न घेता घरी गेले.

•

शेवंताक्कानं मशीन पहिल्यांदा पाहिलं ते दूध घालायला आली तेव्हा. साहेबाचा मूड चांगला होता. त्यानं तिला थांबवलं आणि मुद्दाम एक टोला मारून दाखवला. चेंडू फिरला, काटा चढला. साहेबानं तिच्याकडे पाहिलं. आता ही थक्क होणार!

ती म्हणाली, "दावणीला बांधलेल्याला मारायला काय ताकद लागती व्हय? सोडून मार की!"

"व्हॉट डज शी से?" साहेबानं विचारलं.

शामराव म्हणाले, "सर, ती म्हणते, आपल्या ताकदीला तोड नाही."

साहेब खूश! तिला एक रिकामी बाटली बक्षीस मिळाली.

•

आता खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी कोयता, कुऱ्हाड, विळा, सगळी हत्यारं धुऊन पुजायची. लाकडाच्या डेपोतल्या करवतीसुद्धा व्हरांड्यात ओळीनं मांडल्या होत्या. पेद्रू किरिस्तांव, पण त्यानंही मटण कापायची सुरी आणून ठेवली. म्हणाला, "सुरीला जात आसता व्हय?"

साहेब फिरतीवर अणशीकडे गेला होता. कुणीतरी म्हणालं, हॉलमधलं तेवढं एकटं लोखंड पुजेवाचून राहिलं. शेवंताक्काला ते सोसवेना. साहेबावर तिचा राग होता, पण लोखंडावर कशाला असेल? तिनं मशीनला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि घरच्या खोबरेलाची वाटी खांबाच्या सांध्यात ओतली. "तेल दिल्याबिगर लोखंडाची पूजा कसली?"

आम्ही सगळ्यांनी हात जोडले. शामरावांनीसुद्धा!

दसऱ्याला साहेब परतला. माळ पाहून हसला, काढून ठेवली आणि टोला मारला. चेंडू फिरतोय, फिरतोय, थांबायचं नावच घेईना! तेल पिऊन खांब असा सैलावला होता की काटा दोनशे साठवर जाऊन टेकला. मी आकडा सांगितला आणि साहेबानं चक्क मला मिठी मारली.

मी कधीही कुणाच्या मिठीत एवढा घाबरलो नव्हतो. कारण त्याच मिठीत साहेब शामरावांना म्हणाला, "आता मला खरं मैदान पाहिजे. दोनशे साठ यार्डांचं!"

•

शामराव मोजणीची साखळी घेऊन व्हरांड्यातून सरळ रेषेत निघाले. अंगण संपलं, उतार संपला, आणि दोनशे साठ यार्ड कुठे भरावेत? शेवंताक्काच्या शेताच्या ऐन मध्यावर! भात पोटरीतून बाहेर येऊन पिवळं पडत होतं. त्यात शामरावांनी बांबू रोवला आणि वर लाल निशाण लावलं.

"ह्ये काय अण्णा?" तिनं विचारलं.

"साहेबाचा चेंडू इथं पडतो."

"कवा पडला?"

"पडला नाही अजून. पडेल."

"मग पडल्यावर या."

शामरावांनी हुकूम सांगितला. पीक कापून घ्यायचं आणि कार्तिक संपायच्या आत शेत सोडायचं. सासऱ्याच्या आज्यापासूनचं शेत, एका तबकडीवरच्या काट्यानं गेलं! ती रडली नाही. शामराव परत फिरले तोवर तिनं बांबूला आडवी काठी बांधली, त्याला फाटकं कांबळं पांघरवलं आणि टोकावर काळं मडकं पालथं घातलं. मडक्याला चुन्याचे डोळेही काढले.

दुसऱ्या दिवशी साहेबानं दुर्बिणीतून निशाण पाहिलं. बराच वेळ पाहत राहिला. मग मला म्हणाला, "बाबू, माझ्या मैदानात तो कोण उभा आहे?"

मी म्हटलं, "राखणदार, साहेब!"

•

तेलाचा घोळ माझ्या ध्यानात आला होता. शेवंताक्काला सांगितलं तेव्हा मात्र तिचा चेहरा उतरला. "म्हंजे माज्याच वाटीनं माजं शेत गेलं व्हय रे बाबू?"

मला ते ऐकवेना. साहेब नाही असं पाहून मी आणि पेद्रूनं राख आणि रिठ्याच्या पाण्यानं तो खांब घासून काढला. तेलाचा थेंब ठेवला नाही. सकाळी साहेबानं टोला मारला. काटा एकशे दहा! पुन्हा मारला. एकशे पाच! आम्हाला वाटलं, आता मैदान आपोआप आखडणार.

साहेब म्हणाला, "मशीन बिघडलं!"

आकडा वाढला की साहेबाचा हात, घटला की मशीनचा दोष. असल्या माणसापुढे राख-रिठा काय करणार? वर त्यानं शामरावांना सगळ्यांदेखत "डाँकी" म्हटलं. म्हणे, तुम्हीच कुणाला तरी हात लावू दिलात. एवढी वर्षं साहेबाचा शब्द तुपात तळून लोकांना आणि लोकांचा शब्द साखरेत घोळवून साहेबाला देणारा माणूस! शामरावांचे कान लाल झालेले मी पाहिले.

•

कार्तिकात बेळगाव-धारवाडकडचे पाहुणे आले. साहेब-मडमा मिळून व्हरांडा भरला. चेंडूसाहेब त्यांना हातानं दाखवत होता, मी इथून मारतो आणि चेंडू तिथं, त्या भातात पडतो. पाहुणे वाहवा करत होते. खाली शेवंताक्काची कापणी चालली होती. तिनं वर पाहिलं, विळा कमरेला खोचला आणि सरळ बंगल्याची पायरी गाठली.

"शामराव अण्णा, सायबाला सांगा. चेंडू जितवर जाईल, तितवरचं रान सायबाचं. पर मशीनीत न्हाई. ह्या अंगणातनं, दोरी सोडून मारायचा. शेताच्या आलीकडं पडला, तर शेत माजं. पुन्ना निशाण न्हाई लावायचं."

साहेबानं विचारलं, "व्हॉट डज शी से?"

मी शामरावांकडे पाहिलं. पेद्रूही चहाचा ट्रे धरून थांबला. शामरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आणि जन्मात पहिल्यांदा, शेवंताक्का जे बोलली ते, जसंच्या तसं, एकही शब्द न गाळता सांगितलं!

व्हरांडा हसला. एका मडमेनं टाळ्या वाजवल्या. साहेबाला माघार घेणं शक्य नव्हतं. "डन!" म्हणाला. "ऑन माय वर्ड!"

चेंडू अंगणात ठेवला. साहेबानं कोट काढला, पाय रोवले, काठी फिरवली. गवताचं एक ढेकूळ उडून लांब गेलं. चेंडू जागच्या जागी!

"प्रॅक्टिस," साहेब म्हणाला.

पुन्हा काठी फिरली. या खेपेला कडाडून आवाज झाला, चेंडू उडाला, सगळ्यांच्या माना वर झाल्या. चेंडू डावीकडे वळला, आणखी डावीकडे वळला आणि पेद्रूच्या स्वयंपाकघरामागच्या उकिरड्यात जाऊन रुतला. कोंबड्या ओरडत पळाल्या.

शेवंताक्का उतारावरून खाली गेली. शेतातलं ते निशाण, कांबळं-मडक्यासकट, तिनं दोन्ही हातांनी हलवून हलवून उपटलं. खांद्यावर टाकून वर आली आणि सगळ्यांच्या देखत उकिरड्यात, चेंडूच्या शेजारी, घट्ट रोवलं. मडक्याचे चुन्याचे डोळे व्हरांड्याकडे करून!

एका म्हाताऱ्या पाहुण्यानं मला मोडक्या मराठीत विचारलं, "किती यार्ड झाले रे?"

मी तोंड उघडणार, तोच शेवंताक्का हाताचं शेण झटकत म्हणाली, "गेला असता तर किती, ते मशीनला इचारा. गेला तो हितवर!"

साहेब शामरावांकडे वळला. आणि शामरावांनी तेही सांगितलं.