वरून थंड ढीग

जाम गावाजवळच्या कापड कारखान्यात हेमराजने बावीस वर्षं कोळशाच्या बॉयलरपुढे काढली. ज्वाळेचा रंग पाहून तो वाफेचा दाब सांगायचा. गेल्या वर्षी कोळसा बंद झाला. परदेशी गिऱ्हाइकांना म्हणे धूर नको होता. त्याऐवजी जाळायला गावोगावच्या पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा, भुगा येऊ लागला. कोळशावरच्या तीस माणसांतली अकरा उरली. नवं काम शिकला म्हणून हेमराज त्यात होता.

फेब्रुवारीत अवकाळी पाऊस दोन दिवस झोडपून गेला. भुग्याच्या भिजलेल्या गाड्याही तशाच शेडमध्ये रिकाम्या झाल्या. आठवड्याने हेमराजला वास आला, गोडसर, आंबूस. लहानपणी ओल्या कुटाराच्या, भुशाच्या ढिगात हात घातला होता, तेव्हाचा. त्याने लोखंडी सळई ढिगात खुपसली आणि दहा मिनिटांनी ओढली. टोकाला हात लावताच चटका बसला.

तो तडक मॅनेजर मिहिरकडे गेला. "साहेब, ढीग आतून तापून राह्यला. आजच फोडा लागते."

"हेमराजभाऊ, सकाळीच मी हात लावून पाहिला. थंडगार आहे."

"वरून थंडच राह्यते, साहेब."

"परवा तपासणीवाले येतायत, तोवर शेडमध्ये पसारा नको. ते गेले की बघू."

हेमराज शेडमध्ये परतला. ढिगाच्या पायथ्याशी झाडत असलेली जया चप्पल काढून उभी होती. "भाऊ, इथं जमीन गरम काऊन लागून राह्यली?"

मग त्याने कोणाला विचारलं नाही. झाडणाऱ्या बायकांना बाहेर काढलं, पाण्याचे पाइप जोडले आणि जेसीबीवाल्या कैलासला ढीग फोडायला लावला. पहिल्या बकेटीत वाफाळता काळा भुगा आला. तिसऱ्या बकेटीला आतला निखारा उघडा पडला, वारा लागला आणि भडका छपराला भिडला. विझवता विझवता संध्याकाळ झाली. कैलासचे दोन्ही हात भाजले. जीव कोणाचा गेला नाही.

अहवालात मिहिरने लिहिलं: परवानगीशिवाय ढीग फोडल्यामुळे आग लागली. हेमराजला घरी बसवलं.

तिसऱ्या दिवशी तो आपला डबा आणि कपडे न्यायला गेला. फाटकाबाहेर भुग्याच्या गाड्यांची रांग लागली होती. जळक्या शेडऐवजी नवा ढीग बायकांच्या जेवणाच्या खोलीला टेकून रचणं चाललं होतं. खाली टाकलेला भुगा त्याने मुठीत घेऊन दाबला. बोटांतून पाणी निघालं.

जया डबा घेऊन खोलीकडे निघाली होती. त्याने तिला अडवलं. "जयाबाई, तिथं जेवाले बसू नोका."

"मंग कुठं बसू, भाऊ?" ती म्हणाली आणि आत गेली.