एका विमानाविरुद्ध पत्रक

आमच्या घरच्या रद्दीत वर्तमानपत्रांपेक्षा पत्रकं जास्त असत. बाबा कारखान्यात युनियनचं काम करायचे आणि प्रत्येक लढ्याची उरलेली पत्रकं आमच्या म्हसळ्याच्या घरी येऊन पडायची. माझ्या वह्यांना त्यांचीच कव्हरं. इतर मुलींच्या भूगोलावर फुलं असायची, माझ्या भूगोलावर ‘व्यवस्थापनाचा धिक्कार असो’. लिहायला मी त्यांच्यावरूनच शिकले. बाबांनी नियम एकच सांगितला होता : पत्रकात ‘बहुधा’ हा शब्द चालत नाही. ‘बहुधा’ म्हणणाऱ्याच्या मोर्चात कोणी येत नाही.

त्यामुळे ते विमान खोटं आहे असं मी लिहिलं, तेव्हा ‘बहुधा’ लिहिलं नाही.

फोटो मला तीन वेगवेगळ्या ग्रुपवरून आला होता. दिवेआगरचा समुद्र, आणि पाण्याला जवळजवळ पोट घासत चाललेलं लढाऊ विमान. विमानाच्या कमरेभोवती पांढऱ्या वाफेचा गोल घागरा. पाणी सुरूच्या झाडांच्या मुळांपर्यंत चढलेलं. डाव्या बाजूला कुंपणालगत पाच माड. खाली ओळ : ‘आज दुपारी बारा वाजता, आमच्या वाडीच्या मागच्या दारातून.’

वाडी माझ्या आत्याची. फोटो आतेभावाने काढलेला. तो नवी मुंबईत नोकरी करतो आणि सुट्टीत गळ्यात कॅमेरा अडकवून गावी येतो. काही वर्षांपूर्वीच्या वादळात आत्याची निम्मी वाडी आडवी झाली, तेव्हापासून ती घरातल्या तीन खोल्या पर्यटकांना देते. म्हणजे द्यायला तयार असते. घ्यायला फारसं कोणी येत नव्हतं. हा फोटो फिरला आणि तिचा फोन वाजायला लागला. तिने फोटोचा मोठा फ्लेक्स करून फाटकावर लावला. दिवाळीच्या सुट्टीला तिन्ही खोल्या भरणार, असं पहिल्यांदाच घडत होतं.

मी मात्र फोटो मोठा करून करून बघत होते. तो घागरा मला कापूस चिकटवल्यासारखा दिसला. विमानाची सावली पाण्यावर कुठे सापडेना. तरी माझा खरा पुरावा वेगळाच होता. आमच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायला घड्याळ लागत नाही, तिथी लागते. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास येतो. त्या दिवशी अष्टमी. आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती, म्हणजे बाराला पूर्ण ओहोटी. बाराला समुद्र सुरूपासून पार लांब असायला हवा होता, आणि फोटोत तो मुळं धूत होता.

मी आत्याला फोन केला.

“बघितलंस ना गो फोटो?” तीच आधी म्हणाली. “कसा आलाय?”

“आत्या, तो खोटा आहे.”

मग तिने हळूच विचारलं, “काय खोटं आहे?”

“विमान.”

“विमान होय!” ती म्हणाली, आणि मोकळं हसली.

ते हसू मला तेव्हाच खटकायला हवं होतं. मला वाटलं, तिला विषयाचं गांभीर्य कळलेलं नाही. सैन्याच्या नावावर खोटी चित्रं फिरवून लोकांच्या छात्या फुगवायच्या आणि त्यावर खोल्या भरायच्या, हे माझ्याच घरात चाललंय म्हणून मी गप्प बसू? पत्रकाचं नाव ठेवलं : ‘हे विमान उडालेच नाही!’ पन्नास झेरॉक्स काढल्या, एसटी स्टँडवर आणि वाचनालयात लावल्या, आणि पत्रकाचाच फोटो काढून त्या तिन्ही ग्रुपवर टाकला. तिथीचं गणित चौकटीत दिलं होतं.

दोन दिवसांनी आत्याचा फोन आला. या वेळी ती हसली नाही. “दोन खोल्या रद्द झाल्या. एक बाई म्हणाल्या, फोटोच खोटा, तर जेवण तरी खरं मिळेल कशावरून? तू इकडे ये आणि माझ्या समोर बसून सांग.”

मी गेले. तत्त्वासाठी नातेवाइकांच्या समोर बसायची मला सवय आहे.

फाटकावर आत्याचे नारळ पाडणारे मामा उभे होते. आत्याच्या वाडीतला प्रत्येक माड त्यांनी गेली तीस वर्षं पायांनी ओळखलेला. कोयता कमरेला तसाच, आणि ते फ्लेक्सकडे मान वाकडी करून बघत होते.

“ताय, तुमचा कागद वाचला,” ते म्हणाले. “विमानाचं आपल्याला काय कळत न्हाय. पन ह्ये माड कुठनं आनले?”

“कुठले माड?”

“ह्येच की. ह्यो कडंचा मी सोता तोडला, वादळाच्या चौथ्या दिवशी. दुसरा तर विहिरीवर पडल्याला. पाची गेले. तुमीच तवा कागद काढला व्हता ना त्यांच्यावर?”

काढला होता. पडलेल्या माडांचे पंचनामे नीट व्हावेत म्हणून मी तेव्हा एक पत्रक लिहिलं होतं आणि त्यात हे पाच माड एकेक करून मोजले होते. लहानपणी सुट्टीत त्यांच्याच सावलीत मी आंबे खाल्ले होते. फोटोत ते उभे दिसले, तर डोळ्यांनी त्यांना मुकाट जागा दिली. सारं गाव विमानाकडे बघत होतं आणि मी तर फक्त विमानाकडेच बघत होते. मी कुंपणापलीकडे पाहिलं. तिथे नुसतं आभाळ होतं आणि खाली पाच खुंटं. एका खुंटावर आत्याने सुपात आमसुलं वाळत घातली होती.

आत्या ओटीवर बसली होती. मी विचारायच्या आधीच म्हणाली, “विमान खरं आहे. माड मी लावायला सांगितले.”

“का?”

“पाहुणे मागच्या दारी उभे राहतात आणि विचारतात, इथे एवढं बोडकं का? किती जणांना तेच तेच सांगू? म्हणून पोराला म्हटलं, जाहिरातीला मागच्या बाजूचा एक फोटो काढ आणि कॉम्प्युटरवर त्यात माड होते तसे लाव. मला विमान नकोच होतं गो. ते मध्ये आलं.”

आतेभावाने कॅमेरा पुढे केला. एकामागून एक अकरा फोटो. क्षितिजावर ठिपका, मग पक्ष्याएवढा, मग पंख, मग तो घागरा फक्त एकाच फोटोत, आणि पुन्हा ठिपका. दमट हवेतून विमान इतक्या वेगाने गेलं की अशी वाफ धरते, असं तो अगदी शांतपणे म्हणाला. सावलीचं विचारलं तर म्हणाला, “सूर्य डोक्यावर, सावली विमानाच्या पोटाखाली. किनाऱ्यावरून कशी दिसणार?” अकराही फोटोंत माड एकही नव्हता.

“आणि भरती?” माझ्याकडे एवढंच उरलं होतं.

“अमावास्या होती. समुद्र सुरूच्या मुळांना लागला होता.”

फोटो माझ्यापर्यंत पोचेपर्यंत त्यातला ‘आज’ आठ दिवसांचा झाला होता. मी तिथी बरोबर काढली होती, फक्त दुसऱ्याच दिवसाची.

त्याच संध्याकाळी म्हसळ्याला परतून मी दुसरं पत्रक लिहायला बसले. बाबा चष्मा पुसत म्हणाले, “आधीच्याएवढंच मोठं अक्षर ठेव. चूक मोठ्या टायपात आणि माफी बारीक, हे काम मालकांचं.” मी लिहिलं : विमान उडाले होते. माझी चूक झाली. माड मात्र पडलेले आहेत. शेवटच्या वाक्याशी हात अडला, पण अर्धं खरं छापायची विद्या मला कोणी शिकवली नव्हती. आत्याला फोनवर वाचून दाखवलं. तिने शेवटचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, “लाव. पण फ्लेक्स उतरवायला स्टुलावर तू चढायचंस.”

मी चढले. जुना फ्लेक्स उतरवला आणि तिथे मूळ फोटो लावला : तेच विमान, तोच घागरा, पाच खुंटं.

दिवाळीत उरलेल्या एका खोलीचं कुटुंब आलं, पुण्याचं. गाडीतून उतरल्या उतरल्या गृहस्थ फ्लेक्ससमोर थांबले. खिशातून फोन काढला. एकदा फोनकडे, एकदा फ्लेक्सकडे. मग त्यांनी आम्हाला जवळ बोलावलं, समजूतदार माणसं बोलावतात तसं.

“काकू, तुम्हाला कोणीतरी फसवलंय. हा फोटो एडिट केलेला आहे. ओरिजिनल माझ्याकडे आहे, हा बघा, यात माड आहेत. यांनी ते पुसून खुंटं चिकटवलीत. कडा कशा कापल्यासारख्या दिसतात, बघा ना.”

“कापलेल्याच आहेत,” मी म्हणाले. “तिकडे मागे आहेत, दाखवते.”

“ते बघू नंतर,” ते म्हणाले. “पण यावर लोकांचा विश्वास बसतो, हे वाईट आहे. कोणीतरी लिहायला पाहिजे.”

आत्याच्या हातात त्यांच्यासाठी आणलेल्या चहाचा ट्रे होता. त्यातला एक कप तिने माझ्या हातात दिला.

“घे,” ती म्हणाली. “आणि आता काढ पत्रक.”