दुपट्ट्याचा धागा

रफिकचाचांच्या गळ्यात कुठल्याही पक्षाने दुपट्टा घातला, की ते त्याचा एक धागा ओढून काढत आणि भर सभेत त्याला काडी लावत. धागा वितळून काळा मणी झाला, की तो उमेदवारापुढे धरत. "हे सूत नोय साहेब, पिलास्टिक हाये. कापसाच्या वऱ्हाडात आमाले पिलास्टिक घालून राहिले तुमी?"

अकोल्याची कापडगिरणी बंद पडेपर्यंत चाचा तिथे जॉबर, म्हणजे विणकरांचे मुकादम, होते. साचा, म्हणजे माग, अडला की त्यांनाच हाक जायची. माझे कापडाचे दुकान त्यांच्या घराला लागून. गिरणी पुन्हा चालू झाली पाहिजे, एवढाच त्यांचा ध्यास. तिच्या जागेवर प्लॉट पडणार अशी कुणकुण लागली आणि हा मुळातला हट्टी माणूस पेटूनच उठला.

गेल्या निवडणुकीत दोन उमेदवार चौकात एकाच मंचावर आले. एक म्हणे, गिरणी तुमच्या सरकारने बुडवली. दुसरा म्हणे, तुमच्या धोरणाने. चाचा उठले.

"बंद कोनं केली, थे नाई इचारलं. चालू कोन करते, थे सांगा. कापूस आमचा जाते, कापड वापस येते. मंधातलं काम कोनं नेलं?"

त्यातला एक उमेदवार भारी वस्ताद. म्हणाला, "चाचा, आता तुमच्या सदऱ्याचाबी धागा काढा ना!"

चाचांनी काढला, काडी लावली. झाला की मणी! सभा खो खो हसली. मला मात्र हसू येईना, सदरा माझ्याच दुकानातला होता. चाचा काही खाली बसले नाहीत. "पाहा, मीबी यातच हावो," ते म्हणाले. "म्हनूनच तं इचारून राहिलो."

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते दुकानात हजर. "इथंच इनलेलं सुती कापड दे."

"कुठून आनू चाचा?"

"मंग सभेत तू काहून नाई इचारत?"

"मायाकडे समद्याच पक्षाचे गिऱ्हाईक येते."

"मीबी तुया गिऱ्हाईकच हावो," म्हणाले आणि हात हलवत निघून गेले. असा राग यायचा या माणसाचा, आणि दोन दिवस दिसला नाही तर करमायचे नाही.

या हिवाळ्यात चाचा गेले. कफनाचा तागा घेऊन मीच त्यांच्या घरी गेलो. कात्री लावणार, तोच चाचीने हात धरला. "भाई, ये अपने इधर का है क्या?"

हो म्हणून मोकळे होता आले असते. पण समोर चाचा निजले होते.

"सूत है चाची. पर इधर का नहीं."

तिने माझा हात सोडला. मग खुंटीवरच्या चाचांच्या सदऱ्याच्या खिशातली काडीपेटी काढून तिने माझ्या हातावर ठेवली. "अब सभा में तुम पूछना."

परवा प्रचाराची पहिली सभा झाली. माझ्याही गळ्यात दुपट्टा पडला. समोर माझी सगळ्या पक्षांची गिऱ्हाइके बसली होती. मी उभा राहिलो आणि धागा ओढला.