डीलियाचे सतरा तास

लिही गं ब्रोना. आपल्या पलीकडच्या घरात डीलिया राहायची. तू लहान होतीस, तुला तिचा मनुका घातलेला पावच आठवत असेल. नवरा लवकर गेला. मग गाई, कोंबड्या आणि एकुलता एक पोरगा कॉलमन, एवढाच तिचा संसार.

कॉलमन ऑस्ट्रेलियात खाणीवर गेला तेव्हा ती पार खचली होती. मग एक दिवस रेडिओवर सांगितलं, आता लंडनहून विमान कुठंही न उतरता थेट पर्थला जातं. नऊ हजार मैल, सतरा तास. पिठाच्या हातानंच धावत आली माझ्याकडे.

“सतराच तास गं नोरा! आमची काळी गाय अडली होती तेव्हा याहून जास्त वेळ गोठ्यात बसले होते मी!”

त्या दिवसापासून बाई बदललीच. पोराला कधी ‘ये’ म्हणाली नाही. कशाला त्याची रजा मोडायची? लागलंच तर सतरा तासांत दारात उभा.

पुढं छातीचं दुखणं लागलं. मी म्हटलं, “बोलाव गं त्याला.”

“तू गप गं. अगदी टेकले की सांगीन. तेवढा वेळ देतोच देव.”

टेकली, तेव्हा भावाला, मार्टनला, म्हणाली, “लाव आता फोन. आणि ऐक, मी गेले की मला दोनच रात्री घरात ठेवायचं, आपल्या आईला ठेवलं तसं. तिसऱ्या दिवशी सकाळी माती. वर एक दिवस नको. कॉलमन तोवर दोनदा येऊन जाईल.”

दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. डोळे दाराकडेच.

अगं, पोरगा पर्थला होता कुठं? तो वाळवंटात, खाणीवर. तिथं नेमका पाऊस, रस्ता बंद, दोन दिवस अडकला. मग छोटं विमान, मग पर्थ, मग ते सतरा तास. लंडनहून डब्लिन, आणि डब्लिनहून आपलं बेलमुलेट म्हणजे बसनं अख्खा देश ओलांडायचा!

आम्ही दार उघडं ठेवलं, लोक आले, चहाच्या किटल्या रिकाम्या झाल्या. तिसऱ्या दिवशी फादरच म्हणाले, “मार्टन, थांबूया का?”

“शब्द दिलाय फादर तिला,” मार्टन म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून रडला.

कबरीवर शेजारी माती लोटत होते तेव्हा टॅक्सी थांबली. कॉलमन उतरला. बुटांवर अजून खाणीची लाल माती.

“मामा, फावडं दे,” एवढंच बोलला. उरलेली माती त्यानं एकट्यानं लोटली, कुणाला हात लावू दिला नाही.

मग माझ्यापाशी आला. “नोरामावशी, एवढ्या वर्षांत तिनं एकदाही मला बोलावलं का नाही गं?”

मी म्हटलं, “तिला तू जवळच वाटायचास रे बाळा.”