गॅसची की इनर्शियाची: मित्राच्या बंदुकीविषयी माझी बाजू

जेद्द्याच्या अल अझीझिया वस्तीतल्या आमच्या घरी शुक्रवारच्या जेवणानंतर पाहुण्यांना एक गोष्ट सांगितली जाते. ती माझा मुलगा सांगतो, आणि ती चुकीची आहे. गोष्ट अशी, की बाबांनी आपल्या सौदी मित्राला बदकांच्या शिकारीसाठी भलतीच बंदूक निवडून दिली, ती एक बार काढून अडकली, आणि सोबत्यांदेखत त्या भल्या माणसाची शोभा झाली. पाहुणे हसतात. नाशिकहून नुकताच आलेला एखादा तरुण इंजिनिअर माझ्याकडे कणवेने पाहतो. ती कणव मला सहन होत नाही, म्हणून हे लिहिणे.

तो मित्र आणि मी सत्तावीस वर्षे एका पेट्रोकेमिकल कारखान्यात होतो. तो शिफ्टप्रमुख, मी कॉम्प्रेसरच्या देखभालीचा इंजिनिअर. त्याने मला कधी नावाने हाक मारली नाही. ‘या मुहंदिस’, म्हणजे ‘अहो इंजिनिअर’, एवढेच. गेल्या वर्षी त्याच्या उजव्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी जुनी, दणका देणारी बंदूक बंद करायला सांगितली. पण थंडीत परवाना काढून, परवान्यात लिहिलेल्या पाणथळीवर, तीन जुन्या सोबत्यांबरोबर पहाटेपासून बसणे, हे एवढेच त्याने निवृत्तीनंतर स्वतःसाठी राखून ठेवले होते.

“खांद्याला झेपली तर हा हंगाम,” तो म्हणाला, “नाहीतर खलास. तेव्हा सांग, या मुहंदिस. अर्धस्वयंचलित बंदुका दोन जातींच्या. गॅसची घेऊ की इनर्शियाची?”

जन्मात बंदूक न उडवलेल्या शाकाहारी माणसाला हा प्रश्न विचारावाच का, असे माझा मुलगा इथे मध्येच म्हणतो. त्याला माझे उत्तर आहे. मी कॉम्प्रेसरच्या आतही कधी जाऊन बसलो नव्हतो. तो का थरथरतो हे मला बाहेरूनच कळत असे.

गॅसच्या बंदुकीत बार उडताच नळीतला थोडा वायू एका छिद्रातून पिस्टनकडे वळतो, पिस्टन बोल्टला, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या सरकत्या ठोकळ्याला, मागे ढकलतो, रिकामे काडतूस बाहेर पडते आणि नवे आत सरकते. या खटाटोपात धक्का पसरतो, सौम्य होतो. मात्र पिस्टनवर काजळी धरते. इनर्शियाच्या, म्हणजे जडत्वावर चालणाऱ्या, बंदुकीत पिस्टनच नसतो. धक्क्याने बंदूक मागे सरकते, जड बोल्ट क्षणभर जागीच राहू पाहतो, मधली स्प्रिंग दाबली जाते आणि उलटताना काम उरकते. स्वच्छ, हलकी, सुटसुटीत. धक्का मात्र जवळजवळ सगळा खांद्यावर.

एवढे वाचून कोणीही म्हणेल, दुखऱ्या खांद्याला गॅसची. मलाही ते दिसत होते. तरी मी इनर्शियाची सांगितली, हे मला स्वच्छ आठवते. सत्तावीस वर्षे मी व्हॉल्व्हवरची काजळी खरवडून काढली आहे. काजळी ही माझी वैरीण. जिला आपण नोकरीभर शिव्या दिल्या, तिला मित्राच्या घरात कशी शिरू द्यायची? आणि धक्क्याचा उपाय मी सांगितलाच होता: हलकी काडतुसे वापर.

इथवर माझी जबाबदारी. ती मी नाकारत नाही. पुढे मात्र खांद्याला टेकवायच्या दस्त्याच्या पोकळीत शिसे भरले गेले, म्हणजे बंदूक जड होऊन खांद्याला आणखी आराम मिळावा. गुन्हा तिथे घडला. इनर्शियाच्या बंदुकीला मागे उसळावेच लागते. ती उसळीच तिचे इंजिन. काडतूस हलके केले, उसळी घटली. वर बंदूक जड केली, उसळी संपली. पहिला बार सुटला, बोल्ट अर्ध्यात थांबला, आणि बदके आरामात निघून गेली.

शिसे दिले ते रत्नागिरीच्या एका गृहस्थाने. त्याचे आमच्या गल्लीच्या टोकाला मासेमारीच्या सामानाचे दुकान आहे, आणि जाळ्याला लावायचे शिशाचे गुळे तो विकतो. मी त्याच्या दुकानात जाऊन सरळ विचारले, ही अक्कल कोणाची?

“तुमची, काका,” तो म्हणाला.

“तोंड सांभाळून बोल.”

“सांभाळूनच बोलतोय. इथेच बसला होतात, या स्टुलावर. त्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने दस्ता काढलात, आत गोल काढलेत, बाण दाखवलात. तुमचे शेख बाजूला उभे. दोन चहा पण झाले तुमचे.”

“मी? इनर्शियाच्या बंदुकीत वजन? मला काय वेड लागले आहे?”

“ते मी कसं सांगू, काका? मी गुळे विकतो.”

पुठ्ठा त्याने केव्हाच फेकून दिला होता. बाण कसा काढला होता, असे मी विचारले. त्याने हवेत बोट फिरवून दाखवले: आधी टोक, मग दांडी. बाण मी तसाच काढतो. कारखान्यात त्यावरून माझी थट्टा होत असे.

मी घरी आलो आणि दोन दिवस कोणाशी वाद घातला नाही. सुनेने मुलाला विचारले, बाबांना बरे नाही का? दोन चहांची चव मला आठवत होती. त्यात वेलची फार होती. पुठ्ठा आठवत नव्हता. चहा आठवावा आणि पुठ्ठा आठवू नये, हे कसले देखभालीचे काम?

शेवटी मी मित्राकडे गेलो. त्याने कहवा ओतला, खजुराची ताटली माझ्याकडे सरकवली आणि मी विचारण्याआधीच म्हणाला, “सोबत्यांना मी सांगितले आहे, शिसे भरणे माझेच डोके. तू त्यात नाहीस.”

“पण ते खरे आहे का?”

“तुला काय हवे आहे?”

“खरे हवे आहे. मी इनर्शियाची सांगितली, एवढे तरी खरे ना?”

“मंगळवारी तू गॅसची म्हणालास,” तो म्हणाला. “तासभर बोललास. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, या खांद्याला दुसरी चालणारच नाही. गुरुवारी आलास आणि तितक्याच जोराने इनर्शियाची म्हणालास. मला वाटले, मधल्या दिवसात विचार केला असशील. माणसाचा नंतरचा शब्द धरायचा असतो. मी गुरुवारचा धरला.”

मंगळवार मला आठवत नाही. मी खूप शोधला. त्या तासाचे एक वाक्य सापडत नाही. मुलाने सांगितले असते तर मी भांडलो असतो. पण या माणसाने सत्तावीस वर्षांत शिफ्टच्या नोंदवहीत एक आकडा खोटा लिहिलेला मी पाहिला नाही.

“मग बदलून घे,” मी म्हणालो.

“नवी बंदूक म्हणजे नवे कागद. तोवर हंगाम उरत नाही. आता सांग, हीच कशी चालेल?”

याचे उत्तर मला ठाऊक होते. दोनदा तपासून, कागदावर लिहून दिले. शिसे काढ. पूर्ण भाराची काडतुसे वापर. चालेल. खांद्याचे काय, ते मी कागदावर लिहिले नाही.

हंगामाच्या शेवटच्या शनिवारी तो मला बरोबर घेऊन गेला. परदेशी माणसाने बंदुकीला हात लावू नये, म्हणून मी लावला नाही. मागे चटईवर बसलो. सोबती माझ्याकडे बघून आपसात काही बोलले. उजाडता उजाडता चार बदके वळण घेऊन उतरू लागली. बार झाला, बोल्ट सटकन मागे गेला, काडतूस माझ्या चपलेजवळ पडले, लगेच दुसरा बार. दोन पक्षी पाण्यावर. सोबत्यांनी हात उंचावले. “तय्यब, या मुहंदिस!” त्यांतला एक माझ्याकडे वळून शाबासकी देत ओरडला. यंत्र निर्दोष चालले होते. मी मान ताठ केली. का करू नये?

पण मित्राने बंदूक रिकामी करून पिशवीत ठेवली, आणि आणखी दोन थवे आले तरी ती काढली नाही.

परतताना तो डाव्या हाताने गाडी चालवत होता. उजवा हात त्याने मांडीवर ठेवला होता, झोपलेले मूल ठेवावे तसा. जेद्द्याच्या बाहेरच्या पेट्रोलपंपापर्यंत तो हात हलला नाही. पाण्याची बाटली मी उघडून दिली. ती त्याने डाव्या हातात घेतली.

“गॅसची,” मी म्हणालो. “तुला गॅसचीच हवी होती.”

त्याने माझ्याकडे पाहिले. “आज मंगळवार आहे का?”

“शनिवार,” मी म्हणालो, आणि खात्रीसाठी फोनवर पाहिले.